एक जूनचं एकतीस मे: एका जन्मतारखेची चार भाषांतली परवड

३१ मे २०२५, शनिवार. सकाळी आठ वाजता परळमधल्या एका कर्मचारी सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरवरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एसएमएस सुटले. रोजच सुटतात. पण १ जूनचं गणित वेगळं असतं, कारण त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. पूर्वी शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं बोट धरून आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, मग मास्तर वर्ष अदमासे धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या पिढीच्या सभासदांमुळे संस्थेत १ जूनला मेसेजचा पूर येतो. त्या वर्षी तो ३१ मेलाच आला.

सव्वानऊला काउंटरवर पहिला फोन. एक निवृत्त सभासद, वय ब्याऐंशीच्या घरात. "ताई, मी जन्मलो नागपंचमीला. मास्तरांनी एक जून लावला, तो मी जन्मभर निभावला. आता तुम्ही एकतीस मे लावलात. आणखी किती वेळा जन्माला घालणार मला?"

मॅनेजर बाईंचा फोन मला आला तेव्हा मी घाटकोपरला लोकलमधून उतरून साकीनाक्याच्या मेट्रोकडे निघालो होतो. त्यांनी स्वतःच एक कारण सुचवलं. "सर, उद्या रविवार म्हणून तुम्ही मेसेज आदल्या दिवशी पाठवलेत का?" हो म्हणून टाकायचा मोह झाला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी १ जूनला, पुन्हा मेसेज गेले आणि ते १ जूनच्याच उरलेल्या सभासदांना गेले. म्हणजे एकाच तारखेचे काही लोक शनिवारी जन्मले होते आणि काही रविवारी.

संस्थेचं नाव लिहीत नाही, तिचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या कंपनीचंही नाही. चूक आमच्या टीमची होती आणि डिझाइनवर सही माझी होती.

जुनं आणि नवं

जुनी यंत्रणा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत होती. डीबीएफ फाइलमध्ये तारखेचा रकाना म्हणजे सरळ आठ अक्षरं: चार वर्षाची, दोन महिन्याची, दोन दिवसाची. १९४३०६०१. त्यात वेळ नाही, टाइमझोन नाही, मास्तरांनी रजिस्टरात लिहिलं तसंच फाइलीत उतरलेलं. ती यंत्रणा होती तोवर जन्मतारखेची एकही तक्रार आली नव्हती, हे बाईंनी त्या आठवड्यात आम्हाला तीनदा ऐकवलं. तिन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

नवी यंत्रणा १ एप्रिल २०२५ला सुरू झाली. काउंटरवर ब्राउझर, म्हणजे जावास्क्रिप्ट. सर्व्हरवर जावा. साठवण पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. रात्रीचे अहवाल आणि सकाळचे एसएमएस पायथनच्या स्क्रिप्टमधून. चार घरं, आणि तारीख म्हणजे काय याची प्रत्येक घराची आपली समजूत. या घरांमधला निरोप्या जेसन, म्हणजे माहिती मजकुरात लिहून पाठवायचा ठरलेला साचा. त्याच्याकडे आकडा आहे, मजकूर आहे, खरं-खोटं आहे, यादी आहे, पण तारीख नावाचा प्रकारच नाही. तारीख पाठवायची तर तिचा आकडा करायचा किंवा मजकूर करायचा, आणि पलीकडच्याने तो कसा वाचायचा हे दोघांनी आधी ठरवायचं. आम्ही डॉक्युमेंटमध्ये लिहिलं होतं, 'जन्मतारीख: आयएसओ फॉर्मॅट'. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात नुसती तारीखही बसते आणि वेळ-झोनसकट एखादा क्षणही बसतो. म्हणजे आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं.

पोस्टग्रेसमधला रकाना मात्र शुद्ध 'डेट' होता, जावातही 'लोकल-डेट' हा बिनवेळेचा प्रकार वापरला होता. या दोन गोष्टी पाहून मी निर्धास्त झालो. दोन खोल्या बघून घर पसंत केलं, दोन खोल्यांमधला जिना बघायचा राहिला.

शनिवारी दुपारी डीबीएफचा बॅकअप आणि नवा डेटाबेस शेजारी ठेवून ताडले. बिघडलेल्या सगळ्या जन्मतारखा बरोबर एक दिवस मागे होत्या. फक्त १ जूनच्याच नव्हे. १५ ऑगस्टची १४ झाली होती, १ जानेवारीची ३१ डिसेंबर होऊन वर्षही बदललं होतं. पण १ जूनवाले घाऊक असल्यामुळे बोंब त्यांची झाली. आणि सगळेच बिघडले नव्हते. एप्रिल-मे महिन्यांत केवायसी अद्ययावत करायची मोहीम होती. त्यात ज्यांचा फक्त मोबाइल नंबर किंवा पत्ता बदलला ते शाबूत होते. ज्यांच्या जन्मतारखेला क्लार्कने हात लावला, आधार कार्डावर पाहून ती कॅलेंडरमधून पुन्हा निवडली, ते बहुतेक सगळे एक दिवस मागे गेले होते.

याचं कारण जावास्क्रिप्टच्या एका जुन्या खोडीत आहे. तिला '१९४३-०६-०१' असा नुसता मजकूर दिला तर ती त्याला ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा क्षण समजते. फॉर्म उघडताना हेच व्हायचं, आणि काही न बदलता सेव्ह केलं तर तोच क्षण तसाच परत जायचा. कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख निवडली की मात्र आमचा कॅलेंडरचा घटक त्या संगणकाच्या स्थानिक मध्यरात्रीचा क्षण तयार करायचा. जेसनमध्ये उतरताना दोन्ही क्षण ग्रीनिचच्या घड्याळात लिहिले जातात. मुंबईत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा ग्रीनिचला आदल्या संध्याकाळचे साडेसहा. एक जूनची एकतीस मे इथे झाली.

मग जावातल्या त्या 'लोकल-डेट'ने आरडाओरडा का केला नाही? तिला हवी होती नुसती तारीख, आणि आली होती तारीख, वेळ आणि मागे ग्रीनिचचा 'झेड'. जेसन वाचणारी आमची लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, मूळच्या सेटिंगमध्ये फार सौजन्यशील होती. जावास्क्रिप्टवाले वेळेचं शेपूट जोडून पाठवतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती शेपूट छाटून पहिली दहा अक्षरं ठेवून घ्यायची. तिने त्या दिवशी दारातच भांडण काढलं असतं तर हे प्रकरण एप्रिलच्या पहिल्या तासातच मिटलं असतं.

दोन महिने कळलं कसं नाही

हा प्रश्न संस्थेच्या संचालकांनी विचारला आणि तो रास्त होता.

आमच्या चाचण्या हिरव्या होत्या, कारण चाचण्या चालवणारा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, होता. तिथे स्थानिक मध्यरात्र हीच ग्रीनिचची मध्यरात्र. साडेपाच तासांचा फरक जिथे शून्य असतो त्या एकमेव ठिकाणी आम्ही साडेपाच तासांची चूक शोधत होतो.

दुसरं कारण मला जास्त आवडलं, तोंडावर आपटूनसुद्धा. मे महिन्यात कर्ज विभागाने निवृत्तीच्या तारखांची नवी यादी जुन्या यादीशी ताडून पाहिली होती, कारण कर्जाचे हप्ते निवृत्तीपूर्वी संपावे लागतात. यादी जवळजवळ तंतोतंत जुळली. सरकारी नियम असा की माणूस ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनवाला ३१ मेला निवृत्त होतो. आणि आमच्या चुकीने तो ३१ मेचा झाला, तरी निवृत्ती ३१ मेलाच. १५ ऑगस्टवाला १४चा झाला, तरी निवृत्ती ३१ ऑगस्टलाच. ही चूक या अहवालात दिसणार ती फक्त ज्यांचा जन्म कुठल्याही महिन्याच्या २ तारखेचा आहे त्यांच्या बाबतीत. असे एक गृहस्थ होतेही: २ सप्टेंबरचे, नव्या यादीत १ सप्टेंबरचे झाले आणि निवृत्ती ३० सप्टेंबरऐवजी ३१ ऑगस्टला आली. कर्ज विभागाने 'टायपिंगची चूक' असा शेरा मारून हाताने दुरुस्ती केली. सगळ्या यादीत चूक दाखवणारा तो एकच माणूस होता आणि त्याच्यावर लाल पेन फिरलं.

एसएमएसच्या वेळेचीही एक गंमत. स्क्रिप्टचा सर्व्हर यूटीसीवर, मेसेज सकाळी आठला म्हणजे यूटीसीच्या अडीचला, तारीख तीच. कुणी ते मध्यरात्री बारा ते साडेपाचच्या दरम्यान लावले असते तर सर्व्हरच्या लेखी तेव्हा आदलाच दिवस असता, ३१ मेवाल्यांना १ जूनच्या पहाटे शुभेच्छा गेल्या असत्या आणि दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत वर्षानुवर्षं नांदल्या असत्या.

तिसरं कारण काउंटरवर होतं. क्लार्क ताईंच्या लक्षात एप्रिलमध्येच आलं होतं. १ जून टाकून सेव्ह केलं की ३१ मे दिसतं, पुन्हा दुरुस्त केलं की पुन्हा ३१ मे. त्यांनी तक्रार केली नाही, तोडगा काढला. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'ज. ता. एक दिवस पुढची टाकणे'. २ जून टाकलं की १ जून साठत होता. काम होत होतं. रांगेत माणसं उभी असताना कोण तक्रारीचं तिकीट काढून सॉफ्टवेअरवाल्यांची वाट बघणार? पण या चिठ्ठीमुळे आमच्या डेटात एक तिसरी जात तयार झाली: चुकीच्या यंत्रात चुकीची तारीख घालून बरोबर आलेल्या नोंदी. सरसकट एक दिवस मिळवायचा सोपा उपाय तिथेच बाद झाला.

पहिली दुरुस्ती

शनिवारी संध्याकाळी आमच्या ज्युनिअरने दुरुस्ती केली. मुलगा हुशार आहे, आणि त्याच्या जागी मीही पंचविशीत हेच केलं असतं. सर्व्हरवर तो क्षण पूर्ण वाचायचा, त्यात साडेपाच तास मिळवायचे आणि मग तारीख काढायची. ३१ मेचे १८:३० अधिक साडेपाच तास, बरोबर १ जूनचे ००:००. रात्रीतून चढवली. सोमवारी २ जूनला काउंटरवर पाच-सहा सभासदांच्या तारखा पुन्हा भरून पाहिल्या, सगळ्या बरोबर साठल्या. मी स्वतः तिथे होतो. चहा झाला.

मग नागपंचमीवाले आजोबा स्वतः आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चौघडी घातलेला शाळा सोडल्याचा दाखला. पाटण तालुक्यातल्या शाळेचा, घड्यांवर आरपार झिजलेला. जन्मतारखेच्या ओळीवर आधी आकड्यांत आणि खाली अक्षरी: 'एक जून एकोणीसशे त्रेचाळीस'. ताईंनी कॅलेंडरमधून १ जून १९४३ निवडली, सेव्ह दाबलं, पान पुन्हा उघडलं. ३१ मे १९४३.

आजोबा काही बोलले नाहीत. दाखल्यावरच्या अक्षरी ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं पाहत राहिले.

त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मी आतल्या खोलीत जाऊन सर्व्हरच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडले. ब्राउझरकडून आलेला कच्चा मजकूर त्यात पडत होता. सभासदांची जन्मतारीख अशी लॉगमध्ये उघडी पडायला नकोच होती आणि पुढे आम्ही ती बंद केली, पण त्या दिवशी तिनेच वाचवलं. कॅलेंडरमधून निवडलेल्या तारखांच्या मागची वेळेची शेपटं वेगळी काढली तर ती तीन प्रकारची निघाली. बहुतेक १८:३०:००. थोडी १७:३०:००. आणि काही चक्क १८:३८:५०.

"दादा, ही आठ मिनिटं पन्नास सेकंद आली कुठून?" ज्युनिअरने फोनवर विचारलं.

आधी १७:३०. ही सगळी माणसं १ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५च्या मध्यापर्यंत जन्मलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारताचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. त्याआधी १९४१च्या ऑक्टोबरपासून १९४२च्या मेच्या मध्यापर्यंतही ते तसंच होतं. जगभरच्या घड्याळांचा हा इतिहास टाइमझोनच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये नोंदलेला आहे. भारतासाठी त्यात 'एशिया/कोलकाता' हा एकच झोन आहे, आणि आजचे ब्राउझर तो इतिहास इमानाने पाळतात. म्हणून आजोबांच्या १ जून १९४३ची मध्यरात्र ग्रीनिचला संध्याकाळी साडेपाचला झाली. त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे अकरा. दिवस अजून ३१ मेच. आमची दुरुस्ती लढाईतल्या मुलांना एक तास कमी पडत होती.

१८:३८:५०वाले सभासद कागदोपत्री १ जानेवारी १९००ला जन्मलेले होते. हयात असते तर सव्वाशे वर्षांचे. जुन्या यंत्रणेत जन्मतारीख माहीत नसली की ही तारीख टाकायची रीत होती. १९०६च्या १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ आली, त्याआधीच्या काळासाठी तो डेटाबेस मद्रास टाइम लावतो, पाच तास एकवीस मिनिटं दहा सेकंद. चोवीस तासांतून तेवढे वजा केले की उरतात अठरा तास अडतीस मिनिटं पन्नास सेकंद. मुंबईला स्वतःचा बॉम्बे टाइम होता, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि प्रमाणवेळ आल्यावरही शहराने तो कित्येक वर्षं सोडला नाही. त्या डेटाबेसमध्ये त्याला वेगळा झोन नाही. परळमधल्या ब्राउझरने १९००च्या मुंबईकराला मद्रासचं घड्याळ बांधलं होतं. योगायोगाने साडेपाच तास मिळवल्यावर या नोंदी बारा वाजून आठ मिनिटं पन्नास सेकंदांवर येत होत्या, म्हणजे बरोबर दिवशी.

ज्युनिअरचं म्हणणं पडलं, साडेपाच ठोकून मिळवण्याऐवजी जावालाच 'एशिया/कोलकाता'प्रमाणे उलटं बदलायला सांगू. जावाकडेही तोच इतिहास आहे, १९४३लाही बरोबर येईल. येईल, खरं आहे. पण सभासदाचा मुलगा सिंगापूरला बसून घरून फॉर्म भरतो, त्याची मध्यरात्र आपल्या आधी होते, आणि तारीख पुन्हा एक दिवस मागे. शिवाय ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या घड्याळांच्या इतिहासाची आवृत्ती नेहमी एकच असेल याची हमी कोण देणार? त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. मास्तरांनी १ जून लिहिलं तेव्हा ते रात्रीचे बारा नव्हते. ते कुठलेच वाजलेले नव्हते. ज्या क्षणाला कुणी जन्मलंच नाही तो क्षण आम्ही तीन भाषांत अचूक बदलत बसलो होतो.

क्षण आणि तारीख

क्षण वेगळा आणि कॅलेंडरवरचा दिवस वेगळा. ठेव किती वाजता जमा झाली हा क्षण, तो परळला आणि सिंगापूरला वेगवेगळ्या घड्याळात तोच असतो. जन्मतारीख म्हणजे कागदावर लिहिलेले तीन आकडे. माणूस विमानात बसला म्हणून ते बदलत नाहीत. प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी मात्र सुरुवातीला क्षणाचाच प्रकार दिला आणि तारखेने त्यातच भागवून घ्यावं अशी अपेक्षा ठेवली.

सी भाषेत १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजायची रीत होती. तारखेचे सुटे भाग द्यायची रचनाही होती, पण तिच्यात वर्ष १९००पासून मोजायचं, महिना शून्यापासून आणि दिवस मात्र एकपासून. १९९६च्या पहिल्या जावाच्या 'डेट'ने हा तऱ्हेवाईकपणा तसाच उचलला. आधीच्या वर्षी, १९९५ला, ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. ती जावासारखी दिसायला हवी होती, म्हणून जावाचा 'डेट' तिच्यात आला, आणि त्यातल्या महिन्यात जून आजही पाच आहे. जावाने १९९७मध्ये आपल्या 'डेट'मधल्या बहुतेक पद्धती जुन्या ठरवल्या आणि २०१४मध्ये आठव्या आवृत्तीत 'जावा-डॉट-टाइम' आणून क्षण, तारीख, झोनसकट वेळ यांना वेगवेगळ्या चुली मांडून दिल्या. जावास्क्रिप्टला ते जमलं नाही, कारण वेबवर एकदा आलेलं काढता येत नाही. तिच्यासाठी 'टेम्पोरल' नावाचा नवा संच आहे, त्यातली 'प्लेन-डेट' म्हणजे बिनवेळेची तारीख, पण तो २०२५मध्ये फायरफॉक्सपासून ब्राउझरांत उतरायला लागला. काउंटरवरच्या जुन्या संगणकांच्या भरवशावर तो घेणं शहाणपणाचं नव्हतं.

इतर भाषांचाही हिशेब सारखा नाही. डॉटनेटला नुसत्या तारखेचा प्रकार २०२१मध्ये मिळाला. गो भाषेच्या मूळ संचात तो अजून नाही. पायथनमध्ये २००३पासून आहे, पण तिथे वेळेसकटची 'डेटटाइम' ही 'डेट'चीच पोटजात आहे, म्हणून 'ही तारीख आहे का?' असं विचारलं की वेळ पोटात घेऊन आलेलीही 'हो' म्हणते. ऑरॅकल या डेटाबेसमधल्या 'डेट' रकान्यात सेकंदापर्यंतची वेळ मावते, पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये नाही. नाव तेच, माणूस वेगळा. एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, कारण लोटस १-२-३ हा त्याच्या आधीचा स्प्रेडशीट प्रोग्रॅम तसं मानत होता आणि त्याच्या फायली चालाव्या म्हणून ती चूक मुद्दाम राखली. ऑडिटरना पाठवलेल्या आमच्या फाइलमध्ये तर आणखी एक भानगड निघाली. त्यांच्या संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजीवर होती, तिथे ०१-०६-१९६५ उघडताना ६ जानेवारी झाली होती. पण ते वेगळंच दुखणं, त्यात इथे शिरत नाही.

दुसरी दुरुस्ती

ब्राउझरमधून कॅलेंडरचा तो सुंदर घटक काढला आणि साधा तारखेचा इनपुट ठेवला. त्याची किंमत '१९४३-०६-०१' असा दहा अक्षरांचा मजकूरच असते. तो उचलायचा आणि तसाच पाठवायचा, मध्ये 'डेट' ऑब्जेक्ट बनवायचाच नाही. क्लार्क ताईंना जुना कॅलेंडर दिसायला आवडायचा, त्यांनी नाक मुरडलं. सर्व्हरवर लायब्ररीचं सौजन्य बंद केलं. जन्मतारखेत दहापेक्षा एक अक्षर जास्त आलं तरी अर्ज परत. डॉक्युमेंटमधली 'आयएसओ फॉर्मॅट' ही ओळ खोडून लिहिलं: 'वर्ष-महिना-दिवस, दहा अक्षरं, वेळ नाही, झोन नाही, हा क्षण नव्हे'. ठेवीची वेळ, लॉगिनची वेळ वगैरे खरोखरच्या क्षणांसाठी यूटीसी तसंच राहिलं. सगळीकडे यूटीसी ठेवा हा सल्ला क्षणांसाठी उत्तम आहे, आणि तो तारखांना लावल्यानेच आमचा एप्रिल गेला. १ जानेवारी १९००ची प्रथा बंद करून 'जन्मतारीख उपलब्ध नाही' असा वेगळा रकाना दिला.

चाचण्या आता तीन झोनमध्ये चालतात: कोलकाता, सिंगापूर आणि न्यूयॉर्क. न्यूयॉर्क यासाठी की ग्रीनिचच्या पश्चिमेला उलटा रस्ता फसतो. नुसत्या मजकुराचा क्षण बनवून तो स्थानिक घड्याळात दाखवला की तिथे १ जूनची ३१ मे दिसते. चाचणीच्या तारखांमध्ये १ जून १९४३ कायमची बसली आहे.

डेटाची दुरुस्ती मात्र तीन आठवडे चालली. १ एप्रिलच्या आधीच्या सभासदांसाठी डीबीएफचा बॅकअप प्रमाण मानला. नवी तारीख जुन्याच्या बरोबर एक दिवस मागे असेल तर जुनी परत आणली. दोन्ही सारख्या असतील तर हात लावला नाही, मग ती चिठ्ठीमुळे बरोबर झालेली असो की मुळातच शाबूत. फरक एक दिवसाहून वेगळा असेल तर केवायसीत खरोखरच दुरुस्ती झाली असणार, तेव्हा कागद काढून पाहिला. एप्रिलनंतर आलेल्या नव्या सभासदांची तुलना करायला काहीच नव्हतं. त्यांचे स्कॅन केलेले दाखले एकेक उघडून, मॅनेजर बाई आणि ज्युनिअर समोरासमोर बसून, एकाने वाचायचं आणि एकाने बघायचं. आकड्यांवर विश्वास न ठेवता अक्षरी ओळ वाचायची असं बाईंनी ठरवलं होतं.

एक पैशाचं प्रकरणही निघालं. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळतो. १ जून १९६५चे एक सभासद शनिवारी ३१ मेलाच ठेव ठेवून गेले होते आणि यंत्राने त्यांना साठ पूर्ण धरून वाढीव दर दिला होता. दोन लाख रुपये, एक वर्ष, म्हणजे हजार रुपयांचा फरक. जास्त व्याज मिळाल्याची तक्रार घेऊन अर्थातच कुणी आलं नव्हतं. एका संचालकांनी आयकराचा दाखला दिला: १ एप्रिलला जन्मलेल्याचं वय ३१ मार्चलाच पूर्ण होतं असा खुलासा २०१६मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने केलेला आहे, तोच न्याय इथे लावू. दर तसाच ठेवला. ते तर्काला धरून होतं की त्या सभासदांशी वाईटपणा नको म्हणून होतं, ते मी विचारलं नाही.

आजोबांची नोंद ५ जूनला दुरुस्त झाली. ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, दाखल्याची पुन्हा चौघडी घातली आणि नागपंचमीला मेसेज पाठवायची काही सोय आहे का, असं विचारलं. २०२५ची नागपंचमी २९ जुलैला होती. तिथीचा प्रकार आमच्या चारपैकी एकाही घरात नाही. ताईंनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पेनाने गोल केली.

मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी बाईंनी त्याच दिवशी काढून टाकली. तरी जूनअखेरच्या तपासणीत दोन नव्या नोंदी एक दिवस पुढच्या सापडल्या. ताई सवयीने अजून पुढची तारीख टाकत होत्या. दोन्ही हाताने दुरुस्त केल्या.